सुफळ संपूर्ण झाल्यावरची कहाणी

चि. शर्वरीस,

अनेक आशीर्वाद.

साठी उलटलेल्या माणसाला परीकथेच्या मालिकेत एवढं काय सापडलं, असं तू परवा फोनवर विचारलंस. "अजून राजकन्यांच्या गोष्टी बघतेस?" म्हणून ऑफिसातली मंडळी तुला चिडवतात, हेही हसत सांगितलंस. ते हसणं मला काही खरं वाटलं नाही. फोनवर माझं बोलणं अर्धं राहतं, म्हणून लिहायला बसलोय.

जुना लॅपटॉप तू इथं ठेवून गेलीस. त्यातली 'द टेन्थ किंगडम' मी आधी एकट्याने पाहिली, खालची अक्षरं वाचत वाचत. मग मे महिन्याच्या सुट्टीत वडगावातल्या आपल्या गल्लीतली पोरं गोळा करून पुन्हा पाहिली. ही मालिका २७ फेब्रुवारी २००० पासून अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर लागली. सायमन मूर यांनी लिहिलेली, सगळे भाग मिळून सात तासांच्या आसपास. त्या वेळी तिकडे अपेक्षेएवढे प्रेक्षक मिळाले नाहीत, पण पुढे कॅसेट आणि डिस्क घरोघर गेल्या आणि लोकांनी ती आपलीशी केली. मला त्याचं नवल वाटत नाही. ही गोष्ट निवांत बसून, सोबतीने बघायची आहे. आपल्या जिल्ह्यात माणसं श्रीकृष्ण पारिजाताचा खेळ बघायला रात्र रात्र बसायची, सत्यभामेचा रुसवा उजाडेपर्यंत चालायचा आणि कुणी उठून जायचं नाही. सात तास म्हणजे जास्त, असं आपल्या माणसाला वाटायचं कारण नाही. शिवाय ही सात तासांत संपते. रोज संध्याकाळी आपल्याकडे लागतात त्या मालिकांना शेवटच नसतो, म्हणून त्यांतलं कुणाचं दुःखही खरं वाटत नाही.

पोरांचं आधी सांगतो. मधल्या खोलीत स्टुलावर लॅपटॉप, पुढ्यात चटई आणि दारात चपलांचा ढीग. प्रसंग संपला की मी थांबवायचो आणि मराठीत सांगायचो. निम्म्या पोरांच्या घरी कानडी. त्यांच्यासाठी पुढे बसलेली शिंप्याची नात हळू आवाजात कानडीत सांगायची. त्यामुळे खोलीत हसू दोनदा यायचं, एकदा इकडून आणि क्षणभराने तिकडून. दुसऱ्यांदा हसायला आधीची पोरंही सामील व्हायची, म्हणजे दुसरं हसू कायम मोठं. "मुंदे एनाय्तु?", म्हणजे पुढे काय झालं, हा प्रश्न मी सुट्टीभर इतका ऐकला की रात्री झोपेतही कानात घुमायचा.

तीन ट्रोल, म्हणजे परीकथेतल्या राक्षसांसारख्या, भावंडांवर तर सगळी फिदा. बर्ली, ब्लॅबरवॉर्ट आणि ब्लूबेल. ट्रोलांच्या राजाची ही मुलं, अंगाने दांडगी, अकलेने कच्ची, आणि त्यांचा सगळा जीव बुटांमध्ये. न्यूयॉर्कला येतात आणि तिथून गाणी वाजवणारा डबा घेऊन जातात, मग परीकथांच्या जगातल्या नऊ राज्यांच्या त्या रानातून बी जीज या बँडची गाणी म्हणत चालतात. दुसऱ्या दिवशी गल्लीत प्रत्येकाच्या दारातली एक एक चप्पल गायब! देशपांड्यांच्या ओट्यामागे सगळी हारीने मांडलेली सापडली. तुझी आई रागावली, पण परत आणलेल्या चपला पोरांनी पाण्याने धुऊन आणल्या होत्या, त्यामुळे पुढे काही बोलली नाही.

मेंढपाळणींच्या स्पर्धेचा भाग लागला तेव्हा शेजारची अज्जी येऊन बसली होती. तिचं माहेर धनगरवाड्यातलं. नायिका, नायक, जादूचा आरसा कशाकडेही तिचं लक्ष नव्हतं. ती पडद्यावरच्या मेंढ्या बघत होती. कुठली चांगली पोसलीय, कुणाची लोकर अजून उतरवायला हवी होती, हे ती आम्हाला सांगत होती. परीकथा बघणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी लागतं आणि ते त्याला मिळतंही. अज्जीला मेंढ्या मिळाल्या.

आता माझं. मालिकेची नायिका व्हर्जिनिया न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात वाढपाचं काम करते, बाप टोनी इमारतीची झाडलोट आणि दुरुस्ती बघतो. सुरुवातीलाच ती सांगते की आपण रानाच्या कडेला राहतो, आणि ते रान म्हणजे शहरातली सेंट्रल पार्क ही मोठी बाग. मी जांबोटीच्या शाळेत होतो तेव्हा आपलं भाड्याचं घर खरोखरच रानाच्या कडेला होतं. संध्याकाळ झाली की तू आजीच्या मांडीवर कहाणी ऐकायला बसायचीस. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती. आजी साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हणायची आणि तू लगेच विचारायचीस, "मग नावडती आवडती झाली, तर आधीची आवडती कुठं गेली?" आजीकडे उत्तर नसायचं. माझ्याकडेही नव्हतं.

ही मालिका तुझ्या त्या प्रश्नापासून सुरू होते. स्नोव्हाइटची गोष्ट केव्हाच संपली आहे. आता तिचा नातू वेंडेल गादीवर बसायचा आहे, आणि त्याची सावत्र आई असलेली दुष्ट राणी स्नोव्हाइटच्याच नावाच्या तुरुंगात कैद आहे. सिंड्रेला म्हातारी होऊन राज्याभिषेकाला येते. एका जगातून दुसऱ्या जगात नेणारे जादूचे आरसे डोंगरात बुटके कारागीर घडवतात. म्हणजे सुफळ संपूर्ण झाल्यावरही राज्य चालवावं लागतं, तुरुंग सांभाळावे लागतात, जुनी वैरं नातवंडांना फेडावी लागतात. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींच्या पुढच्या पिढ्या डोळ्यांपुढे चालताना बघून मला जो आनंद झाला तो मी शब्दांत नीट मांडू शकत नाही. ओळखीच्या घराला आपण कधीच न पाहिलेल्या खोल्या आहेत, असं काहीसं.

आणि इथं जादू फुकट मिळत नाही. टोनीला एक घेवडा मिळतो, तो खाल्ला की सहा इच्छा पुऱ्या. तो काय मागतो? न संपणारी बिअर, आपोआप झाडलेलं घर, मालकाने आपल्यापुढे नाक घासावं, दहा लाख डॉलर. सगळं मिळतं आणि सगळं अंगाशी येतं. पैसे बँकेतून चोरलेले निघतात आणि पोलीस मागे लागतात. पुढे त्याच्या हातून तसलाच एक आरसा फुटतो आणि सात वर्षांची पनवती. पोरं त्याला हसत होती. मला मात्र त्याच्याबद्दल माया वाटली. आयुष्यभर दुसऱ्याच्या इमारतीचे नळ दुरुस्त केलेल्या माणसाला एकदम मागायला सांगितलं तर तो अजून काय मागणार? लिहिणाऱ्याने त्याला मूर्ख करून सोडून दिलेलं नाही. तोच टोनी पुढे लेकीसाठी राने तुडवतो, कुत्रा झालेल्या वेंडेल राजपुत्राचं म्हणणं फक्त त्यालाच कळतं, आणि दोघं सतत भांडत एकमेकांचे होतात.

लांडगा तर तुला आवडतोच. अर्धा माणूस, अर्धा लांडगा. राणीने दिलेली कामगिरी त्या कुत्रा झालेल्या राजपुत्राला शोधून आणायची आणि पडतो व्हर्जिनियाच्या प्रेमात. भूक आणि प्रेम यांत गोंधळणारा, स्वतःला सुधारायची पुस्तकं वाचणारा. स्कॉट कोहेनने तो इतक्या जीव ओतून केलाय की त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहावं. गल्लीतली एक छोटी मला म्हणाली, "सर, लांडगा आला तर मी पळत नाही. मी आधी त्याला विचारतो, तू कुठला ते." मला तिचं फार कौतुक वाटलं.

सगळंच मला पटलं नाही. मधला भाग ताणलाय. रानातल्या भटक्यांचा प्रसंग तर मला खटकला. व्हर्जिनिया त्यांचे पिंजऱ्यातले पक्षी सोडते आणि ते तिला शाप देतात, तिचे केस थांबायचं नाव न घेता वाढत जातात. भटकी माणसं म्हणजे शाप देणारी, करणी करणारी, हे इथं खानापूरच्या बाजूलाही मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यामुळे पालं टाकून राहणाऱ्यांची मुलं शाळेत आली की बाकीची बाजूला सरकून बसायची. म्हणून तिथं मी थांबवलं आणि पोरांशी त्यावर बोललो.

तुझं-माझं खरं मतभेदाचं ठिकाण वेगळं आहे. दुष्ट राणी ही व्हर्जिनियाची सोडून गेलेली आई निघते, ते तुला ओढूनताणून आणलेलं वाटलं. मला वाटतं, सगळी मालिका त्यासाठीच उभी आहे. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नोव्हाइटच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आईच आहे. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. आपल्याही कहाण्यांत वाईट वागायचं काम सावत्र आईकडेच सोपवलेलं असतं, म्हणजे खऱ्या आईच्या रागाकडे बघायची वेळ कुणावर येत नाही. या मालिकेने तो पडदा काढला. डायन वीस्टने ती राणी केलीय, आवाज न चढवता. मन ताळ्यावर नसताना लेकीच्या जिवावर उठलेली, मग आरशातून पळून गेलेली आणि तिकडे राणी झालेली ती आई. शेवटी लेकीच्याच हातून, विषारी फणीच्या ओरखड्याने मरते. व्हर्जिनिया जिंकते आणि आईला धरून रडते. पोरं टाळ्या वाजवायला उठली होती, तशीच खाली बसली.

तुझी आई तेव्हा उंबऱ्यावर मेथी निवडत होती. ती बघत नाही असं मी धरून चाललो होतो. तर म्हणाली, "इतक्या वर्षांत तिला एकदाही त्या आरशातून मागं यावंसं वाटलं नसंल?" पोरं गेल्यावर आम्ही बराच वेळ त्यावरच बोलत होतो. तिचं म्हणणं, वाटलं असेल, पण इकडे येऊन लेकीला तोंड कुठलं दाखवणार. माझं म्हणणं, राणीपण अंगात मुरलं की माघारी फिरता येत नाही. जेवताना विषय निघाला की अजून आमचं एकमत होत नाही. संसाराला इतकी वर्षं झाली, पण एखाद्या गोष्टीवर दोघांनी असं रंगून बोलावं, असं फार कमी वेळा झालंय.

त्याच्या आधीचा एक प्रसंग तू पुन्हा बघ. व्हर्जिनियाला स्नोव्हाइट भेटते. कॅमरिन मॅनहाइम, चांगली जाडजूड, मायाळू, चित्रातल्या नाजूक राजकन्येसारखी अजिबात नाही. ती तिला धीर देते की तुझ्यासारख्या वाट चुकलेल्या मुली रानातून बाहेर पडतात, आणि पुढे अशा दुसऱ्या मुलींना वाट दाखवतात. तुझ्या ऑफिसातल्या मंडळींना राजकन्यांच्या गोष्टी पोरकट वाटतात, त्यांना हा एवढाच प्रसंग दाखव. मी मास्तरकी केली, आईबापांवाचून वाढलेली मुलं वर्गात पाहिली. एवढ्या थोडक्यात इतकं खरं बोलणं मला कधी जमलं नाही. ज्याला ते पोरकट वाटेल त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, पण आपलं आवडणं लपवूही नकोस.

शेवटी टोनी तिकडेच राहतो. इकडे पोलीस वाट बघतायत आणि तिकडे त्याला मान आहे. लेक लांडग्याबरोबर न्यूयॉर्कला परतते, पोटात बाळ घेऊन. पोरांनी विचारलं, "बाळ माणसाचं का लांडग्याचं?" पुढची मालिका निघालीच नाही, हे ऐकून त्यांचे चेहरे उतरले. मग त्यांनी आपापसात पुढचं ठरवायला घेतलं. त्यांच्या गोष्टीत बाळाला शेपूट आहे, ते कानडी शाळेत जातं, आणि ट्रोल शहापूरच्या बाजारात बुटांचं दुकान टाकतात. शिंप्याची नात वहीत उतरवून घेतेय, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. तिच्या अक्षराला वळण आहे. तिला एक जाड वही हवी, शंभर पानांची, ती मी आणून देईन.

दिवाळीला येताना लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडायची वायर घेऊन ये. मागच्या रांगेतल्यांना खालची अक्षरं दिसत नाहीत आणि आता त्यातली दोन-तीन मोठी पोरं इंग्रजी स्वतः वाचायचा हट्ट धरतायत. बॅटरीही तपासून घे. ऐन बुरुजाच्या प्रसंगाला लाईट गेली की फार पंचाईत होते. आईने कुंदा पाठवलाय, गोविंदाच्या गाडीतून येईल, पोचला की कळव. तिचे आशीर्वाद. आजीच्या गुडघ्याला आता बराच उतार आहे.

तुझा,
अप्पा