पॅड बांधून बसलेली मुलं

बर्न्लीजवळ, लँकेशायर
२० ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. पुतण्याला इंग्लंडमधल्या एका क्लबचं बोलावणं आलंय, मध्ये एक एजंट आहे, तिकीट आणि राहायची खोली क्लब देणार, एप्रिल ते सप्टेंबर ‘ओव्हरसीज’ म्हणून खेळायचं. वहिनी घाबरल्यात, दादा म्हणतात जाऊ दे, आणि तू मला विचारतोस, पाठवू का.

लगेच फोन करून ‘पाठव’ म्हणणार होतो. पण येत्या गुरुवारी आमच्या क्लबची वार्षिक सभा आहे आणि तिथे हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येणार आहे: पुढच्या सीझनला परदेशी खेळाडू आणायचा की नाही. मी कमिटीवर सहा वर्षं आहे. जेव्हा जेव्हा मत घेतलं, तेव्हा आणायच्या बाजूने हात वर केलाय. यंदा पहिल्यांदाच मन अडलंय. तुला उत्तर देता देता माझंही उत्तर सापडेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी इथली रीत सांगतो, कारण आपल्या मुंबईच्या पावसाळी कांगा लीगच्या मापाने ती कळायची नाही. आपण जुलैच्या चिखलात, गुडघाभर गवतात खेळायचो तेव्हा समोर रणजीचा बोलर उभा असला तरी तो त्या क्लबचाच असायचा, लहानपणापासून त्याच तंबूत वाढलेला. इथे तसं नाही. लँकेशायर लीग १८९२ ची. नेल्सन, कोल्न, बर्न्ली, ॲक्रिंग्टन, हॅसलिंग्डन ही कापडगिरण्यांची एकमेकांना खेटून असलेली गावं, गावाचा एक क्लब आणि क्लबात एक पगारी ‘प्रो’. बाकीचे दहा जण गिरणीत नाहीतर दुकानात राबणारे. प्रोने रन करायचे, विकेटी काढायच्या आणि आठवड्यात गावच्या पोरांना शिकवायचं. कुणी पन्नास केले की प्रेक्षकांतून त्याच्यासाठी पैसे जमवायचा डबा फिरायचा, मग तो प्रो असो की हौशी. अजूनही फिरतो.

या गावांत कोण कोण येऊन खेळून गेलंय ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. अमरसिंग कोल्नला होता, लाला अमरनाथ नेल्सनला, एव्हर्टन वीक्स बेकपला. पुढे कपिल देव नेल्सनला आणि व्हिव्ह रिचर्ड्स रिश्टनला. पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो लिअरी कॉन्स्टंटाइन. त्रिनिदादचा हा माणूस १९२९ मध्ये नेल्सनला आला. काळा माणूस गावातल्या बहुतेकांनी तोवर पाहिलेलाच नव्हता. तो नऊ सीझन खेळला आणि त्यांतल्या सात वेळा नेल्सनने लीग जिंकली. मेरेडिथ स्ट्रीटवरच्या एका साध्या घरात तो बायको-मुलीसह राहायचा, आणि क्लबचा करार संपल्यावरही १९४९ पर्यंत तिथेच राहिला. १९६९ मध्ये तो लॉर्ड झाला तेव्हा किताबात त्रिनिदादच्या मरावलच्या जोडीला नेल्सनचं नाव होतं. मी इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मुद्दाम तो रस्ता शोधत गेलो होतो. घर शेजारच्या घरांसारखंच. एवढा मोठा माणूस वीस वर्षं या दारातून ये-जा करत होता, या विचारात मी थंडीत बराच वेळ तिथे उभा होतो. माझा स्वतःचा इथे जम बसायचा होता तेव्हा. त्या दाराने मला फार धीर दिला.

आमच्या सभेत दर वेळी कॉन्स्टंटाइनचं नाव निघतं. ‘परदेशी खेळाडूंनीच ही लीग मोठी केली’ असं म्हणून विषय मिटवला जातो. ते खरंच आहे. पण तेव्हाचा हिशोब कुणी मांडत नाही. त्याला पाहायला लोक हजारोंनी यायचे आणि तिकीट काढून यायचे. समोरच्या क्लबचा गल्लाही त्या दिवशी भरायचा. म्हणजे प्रो क्लबला कमावून देत होता. आज आमच्या मैदानावर चांगल्या उन्हाच्या दिवशी साठ-सत्तर माणसं असतात, त्यांतली निम्मी खेळाडूंच्या घरची. प्रोचं मानधन, खोलीचं भाडं, गाडी, विमा हे सगळं बारच्या विक्रीतून, लॉटरीच्या तिकिटांतून आणि दोन-तीन स्थानिक दुकानदारांच्या मेहरबानीतून उभं राहतं. आता क्लब प्रोसाठी कमावतो. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

पैशांचं एक वेळ सोड. इनिंग्जमध्ये पन्नासच ओव्हर असतात. एका टोकाकडून प्रो बोलिंग टाकतो आणि पहिल्या तीन-चारांत बॅटिंगलाही तोच येतो. आमच्याकडे एक लेगस्पिनर मुलगा आहे, सतरा वर्षांचा. वडील टॅक्सी चालवतात, आजोबा पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरहून गिरणीत कामाला आलेले. हाताला भारी वळण आहे त्याच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही लेगस्पिनर प्रो आणला. त्या अख्ख्या सीझनमध्ये या मुलाला पहिल्या संघात मोजून अकरा ओव्हर मिळाल्या. मी स्वतः स्कोअरबुक काढून मोजल्या. प्रो होता चांगला. शतकं ठोकली, विकेटी काढल्या, आम्ही तिसरे आलो. पण मॅचच्या दिवशी यायचा आणि शॉवर घेऊन निघून जायचा. मंगळवारी सरावाला पोरं नेट्समध्ये त्याची वाट बघायची. ऑगस्टमध्ये त्याला दुसऱ्या देशात टी-ट्वेन्टीचा करार मिळाला, चार दिवसांत बॅग भरून गेला. उरलेले पाच सामने आम्ही लागोपाठ हरलो. अडचणीच्या वेळी बॅटिंग कशी करतात हे शिकायची वेळ आमच्यातल्या कुणावर वर्षभर आलीच नव्हती. सहाव्या-सातव्या नंबरची मुलं दर रविवारी पॅड बांधून बसायची आणि तसेच पॅड सोडायची.

आता दुसरी बाजू ऐक, कारण ती न सांगणं अन्याय होईल. त्याच्या आधी आमच्याकडे श्रीलंकेचा एक प्रो होता. रन बेताचेच केले त्याने. पण तो आमच्या स्कोअररच्या घरी राहायचा, सकाळी ग्राउंड्समनबरोबर रोलर फिरवायचा आणि मंगळवारी-गुरुवारी अंधार पडेपर्यंत पोरांत असायचा. आमच्या लेगस्पिनरला गुगलीची पकड त्यानेच दाखवली, तेव्हा हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. मुलींचा संघ सुरू झाला तोही त्याच्याच हट्टाने. जाताना अर्धं गाव त्याला निरोप द्यायला आलं होतं. आणि आमच्या कमिटीने पुढच्या वर्षी त्याला परत बोलावलं नाही, कारण सरासरी कमी होती! मीही त्याच्या विरोधात हात वर केला होता. ती गोष्ट मला आजही टोचते.

ॲक्रिंग्टनने १९९१ साली शेन वॉर्नच्या बाबतीत हेच केलं. विकेटी त्याने भरपूर काढल्या, पण प्रोकडून रनही हवे असतात आणि ते झाले नाहीत. पुढच्या वर्षी त्याला बोलावलं नाही. काही महिन्यांत, जानेवारी १९९२ मध्ये, तो सिडनीत आपल्याविरुद्ध पहिली टेस्ट खेळत होता. रवी शास्त्रीने २०६ केल्यावर त्याला बाद करणारा तो हाच पोरगा. मला त्यात ॲक्रिंग्टनची चूक दिसत नाही, लीग जिंकायची तर रन लागतातच. मी विचार करतो तो नेट्सचा. त्या उन्हाळ्यात ज्या शाळकरी मुलांनी त्याच्यासमोर बॅट धरली असेल, त्यांना काय मिळालं असेल! क्लबच्या जमाखर्चात त्याला रकाना नाही.

विनू मांकडची गोष्ट तुला माहीतच आहे. १९५२ मध्ये तो हॅसलिंग्डनचा प्रो होता, कारण आपलं बोर्ड त्याला टेस्टमधल्या जागेची हमी द्यायला तयार नव्हतं. लीड्सला आपले शून्यावर चार गेले, मग धावाधाव करून क्लबकडून त्याला मागून घेतला आणि लॉर्ड्सवर त्याने ७२ आणि १८४ केले, शिवाय १९६ धावांत पाच विकेटी काढल्या. आपण ती टेस्ट हरलो, तरी लहानपणापासून ती आपली अभिमानाची गोष्ट. आता इथे राहून मला तिची हॅसलिंग्डनची बाजूही दिसते. एका छोट्या गावाने आपला सर्वोत्तम खेळाडू भर सीझनमध्ये सोडला. त्या शनिवारी त्याच्या जागी कुणाला तरी वरच्या नंबरवर बॅटिंग मिळाली असेल. त्या माणसाची गोष्ट मला ऐकायला आवडली असती.

तशी एक गोष्ट आमच्या घरात घडली. २०२० साली कोविडमुळे क्लब क्रिकेट ११ जुलैला सुरू झालं. आमचा ठरलेला प्रो येऊच शकला नाही. सहा ओव्हर झाल्या की बॉल पुसायचा, हात साफ करायचे, चहा-सँडविच आपापल्या घरून आणायचं, असा तो विचित्र उन्हाळा. पहिले तीन सामने हरलो. चौथ्यात माझा धाकटा चार नंबरला गेला, सतरा वर्षांचा होता, आणि ६३ करून नाबाद परत आला. त्या वर्षी डबा फिरवत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. पाच पौंडांची नोट आणि वर एकच शब्द: ‘कलेक्शन’. क्लबच्या एका ऐंशी वर्षांच्या सभासदाने टाकलेलं. ती नोट पोराने मोडलेली नाही.

तर गुरुवारी मी विरोधात मत देणार आहे. ते पैसे मी ज्युनियर कोचिंगला आणि पिच झाकायच्या नव्या कव्हर्सना मागणार, आणि दोन सीझन आमच्याच मुलांना वरच्या नंबरवर पाठवा म्हणणार. खाली घसरू, कदाचित चांगलेच घसरू. त्यानंतर पुन्हा आणायचा तर आधी मंगळवारची संध्याकाळ करारात लिहून घ्यायची, सरासरी मग बघायची.

यावर तू विचारशील, मग माझ्या पुतण्याने यायचं की नाही? यावं. मे महिन्याच्या थंडीत ओल्या पिचवर इथला ड्यूक्स कंपनीचा बॉल खेळून जे कळतं ते कुठल्या अकॅडमीत कळत नाही. पण कुठेही सही करण्याआधी व्हिसा कुठला, हे एजंटकडून लेखी घे. टुरिस्ट म्हणून येऊन नुसतं खेळायचं असं तो म्हणाला तर तिथेच थांब. इथल्या नियमांत राहणं-खाणं, तिकीट देणं हासुद्धा मोबदलाच धरतात. तसा मोबदला घेऊन खर्च भागवणारा व्यावसायिक खेळाडू ठरतो, आणि त्याला खेळाडूचाच व्हिसा लागतो. पकडला गेला तर पोराला परत पाठवतील, पुढचे व्हिसेही अडतील. क्लबचं नाव तेवढं मला कळव, मी इथून चौकशी करतो. क्लबला सरळ विचार, आठवड्यातले बाकीचे सहा दिवस त्याच्याकडून काय हवंय? उत्तर आलं नाही तर तो क्लब सोड. आणि पोराला सांग, खोलीत एकटा राहू नकोस, कुणाच्या तरी घरात राहा. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि घरची आठवण त्याच वेळी सगळ्यांत जास्त येते. आमच्या घराचं दार त्याला कधीही उघडं आहे, वहिनींना हे नक्की सांग.

आता थांबतो. उद्या सकाळी स्क्वेअरवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पिचच्या पट्ट्यावर, गवताचं बी पेरून माती पसरायची आहे, हिवाळ्याआधीचं काम. आम्ही आठ-दहा जण येणार आहोत. लेगस्पिनरलाही बोलावलंय. गुरुवारी रात्री सभा संपली की काय झालं ते कळवतो. तुमच्याकडे तेव्हा पहाट असेल, पण तू जागाच असशील हे मला माहीत आहे.

दादांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
दुसऱ्या टोकाचा ओपनर