फोनमध्ये फायरफॉक्स टाकताना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस’, ‘कर्ज मंजूर झाले’ असे निरोप बाबांच्या फोनवर येतात ना, ते बहुतेक वेळा व्हायरसमुळे येत नाहीत. तुरीचा नाहीतर सोयाबीनचा भाव पाहताना एखादी साइट विचारते, ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ आणि बोट ‘अलाऊ’वर पडतं. मग ती साइट बंद केली तरी क्रोममधून निरोप येतच राहतात. नवा ब्राउझर (साइट उघडायचं अ‍ॅप) टाकला तरी क्रोममध्ये दिलेल्या परवानग्या तिथेच राहतात, त्यामुळे आधी त्या काढायच्या. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथलं वरचं बटण बंद करा. खाली परवानगी मिळालेल्या साइटांची यादी दिसली, तर अनोळखी नावं एकेक करून काढा.

आता ब्राउझर कोणता? माझं मत फायरफॉक्स. मोझिला नावाची संस्था तो बनवते आणि तो ओपन सोर्स आहे, म्हणजे तो कसा चालतो ते लिहिलेला सगळा कोड जाणकाराला उघडून तपासता येतो. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जातो, तसंच. प्रत्येक जण तपासायला बसत नाही, पण तपासणारे आहेत हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. क्रोमचा पाया असलेला क्रोमियमही उघडाच आहे. पण त्यावर गुगल स्वतःचं जे चढवते ते सगळं उघडं नाही, आणि गुगलची मुख्य कमाई जाहिरातींची. मोझिलाही काही देवमाणूस नाही. तिचं बरंचसं उत्पन्न गुगलला शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतं, आणि २०२५ मध्ये तिने वापराच्या अटींची भाषा बदलली तेव्हा लोक चिडले होते. तरी मोबाइलवर फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, घालता येतं, क्रोममध्ये येत नाही. तुमच्यासाठी मला एवढं कारण पुरे आहे.

ब्रेव्हसुद्धा ओपन सोर्स आहे आणि जाहिराती आपणहून अडवतो. पण त्यात क्रिप्टोचं पाकीट, बक्षिसं असलं बरंच लटांबर आहे, चुकून कुठे बोट पडायला नको. टॉर ब्राउझर सगळ्यांत कडेकोट खरा, पण फार हळू चालतो आणि पुष्कळ साइटा त्याला दारातूनच परत पाठवतात. आपल्या गावच्या नेटवर्कवर तो नको. आई, तुझा फोन जुना आहे, जागाही कमी. त्यात फायरफॉक्स जड झाला तर डकडकगोचा ब्राउझर टाक. तो पान दाखवायला फोनमधलीच अँड्रॉइडची यंत्रणा वापरतो, म्हणून हलका असतो. त्यातलं आगीचं चिन्ह दाबलं की उघडी पानं आणि मागचा माग दोन्ही पुसले जातात. यूसी ब्राउझर कोणी ब्लूटूथने दिला तरी घेऊ नका. २९ जून २०२० ला सरकारने बंद केलेल्या ५९ अ‍ॅपांत तोही होता.

माग काढतात कसा, तेही समजून घ्या. आठवडी बाजारात तुम्ही बियाण्याच्या दुकानात गेलात, मग फवारणीच्या औषधाच्या, मग पतसंस्थेत. तिन्ही दारांत एकच माणूस वही घेऊन उभा असेल, तर संध्याकाळी त्याला ठाऊक असतं की या कास्तकाराच्या पऱ्हाटीवर अळी आहे आणि त्याला पैसा हवा आहे. साइटांवर तो माणूस म्हणजे जाहिरात कंपनीचा बारीकसा कोड, आणि त्याची वही म्हणजे कुकी. फायरफॉक्स प्रत्येक साइटची कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो, त्यामुळे वह्या जुळवता येत नाहीत.

फोनमध्ये निदान ५०० एमबी जागा मोकळी करा आणि प्ले स्टोअरमधूनच घ्या. नाव फायरफॉक्स, खाली मोझिला लिहिलेलं पाहिजे; सारख्या चिन्हाची दुसरीही अ‍ॅप दिसतात. उघडल्यावर अकाउंट काढायला सांगेल, ते सोडून द्या, गरज नाही. डीफॉल्ट ब्राउझर करू का विचारलं तर हो म्हणा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपमधली प्रत्येक लिंक पुन्हा क्रोममध्येच उघडेल.

मग तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, तिथे ‘यूब्लॉक ओरिजिन’समोरचं अधिकचं चिन्ह दाबा. जाहिराती अडवणारं ते एक्स्टेन्शन हेच. ‘ओरिजिन’ हा शब्द पाहूनच घ्या. जाहिराती गेल्या की डेटाही वाचतो, कारण जाहिरातींचे फोटो आणि व्हिडिओ उतरतच नाहीत. नंतर सेटिंग्जमध्ये साइट परमिशन्स (काही आवृत्त्यांत साइट सेटिंग्ज), नोटिफिकेशन, ‘ब्लॉक्ड’. म्हणजे कुठलीही साइट आता विचारणारसुद्धा नाही. डेटा कलेक्शनमधली बटणं बंद. एचटीटीपीएस-ओन्ली मोड (फक्त सुरक्षित जोडणी) चालू. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये अक्षर मोठं करता येतं. बाबा, चष्मा शोधत बसण्याआधी ते करून घ्या. ट्रॅकिंग प्रोटेक्शनमध्ये स्टँडर्ड, स्ट्रिक्ट आणि कस्टम असे पर्याय दिसतील. तुम्ही स्टँडर्डवरच राहा. स्ट्रिक्टने काही साइटांचे भाग मोडतात, आणि उरलेलं काम यूब्लॉक करतोच. ब्राउझर बंद करताना सगळं पुसण्याची सोयही आहे, पण ती लावली तर प्रत्येक वेळी नव्याने लॉगिन करावं लागेल. चार दिवसांत कंटाळून तुम्ही क्रोमकडे परत जाल.

सातबारा काढताना कधी कॅप्चाचं चित्रच येणार नाही, किंवा बटण दाबून काहीच होणार नाही. तेव्हा फोन बिघडला असं समजू नका. अडवणाऱ्याने गरजेचंही काही अडवलेलं असतं. पत्त्याशेजारच्या ढालीवर दाबून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करा आणि पान पुन्हा उघडा. तरी नाही झालं तर तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, यूब्लॉक, आणि मोठं पॉवरचं बटण. तेही त्या साइटपुरतंच बंद होतं. त्यानेही नाही झालं तर ते एक काम क्रोममध्ये उरका. म्हणून क्रोम काढू नका, फक्त पुढच्या पानावरून त्याचं चिन्ह हलवा.

शोधायला डकडकगो लावता येतं. पण मराठीत विचारलं की गुगल जास्त सापडवून देतं, हेही खरं. तुम्ही गुगलच ठेवा, फक्त ‘साइन इन’ म्हटलं की करू नका. आणि प्रायव्हेट टॅब म्हणजे अदृश्य होणं नव्हे. फोनमध्ये इतिहास साठत नाही एवढंच. सिमवाल्या कंपनीला कोणत्या साइटवर गेलात ते दिसू शकतं.

यूब्लॉक काही खोट्या साइटा अडवतो, सगळ्या नाही. पत्ता स्वतःच वाचायला लागतो. सुरुवातीला ‘https://’ दिसलं तर ते सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत या आणि तिथून उलटं वाचा. सरकारी साइट बहुधा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’वर संपते. ‘पीएम-किसान-जीओव्ही डॉट कॉम’ असं काही दिसलं तर ती सरकारची नाही, वर अशोकस्तंभ छापलेला असला तरी. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यावर जायला सांगितलं होतं, तेव्हा बँकेच्या पत्त्याचा शेवट तसा आहे का ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘पीक विमा यादी’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर उघडू नका. एकदा ती बसली की ओटीपीचे एसएमएस वाचू शकते, आणि त्यापुढे कोणताच ब्राउझर कामाचा नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फायरफॉक्स तिन्हींसमोर ते बंद करा.

तुमची,
लेक

ता. क. फायरफॉक्स मराठीतही चालतो. पण वरचं सगळं होईपर्यंत इंग्रजीतच ठेवा, म्हणजे पत्रातली नावं जुळतील. भाषा शेवटी बदला. आणि पैसे गेल्यासारखे वाटले तर माझी वाट पाहू नका, आधी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.