दिवाळीच्या सुट्टीतील वाचनाविषयी सभासदांस सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दिवाळीच्या सुट्टीसाठी प्रत्येकास नेहमीपेक्षा एक पुस्तक जादा नेता येईल. ते शक्यतो आपण एरवी हात लावत नाही अशा प्रकारातले असावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

केवळ कादंबऱ्या नेणाऱ्यांनी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ अवश्य वाचावा. दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघालेला हा कोकणातला भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. १९०७ साली प्रथम छापलेल्या या पुस्तकाची भाषा सुरुवातीस थोडी अवघड वाटेल, परंतु दहा-बारा पानांनंतर ती अंगवळणी पडते आणि मग पुस्तक खाली ठेववत नाही.

आत्मचरित्रांत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतके मोकळे, प्रांजळ गद्य आम्हांस दुसरे आढळले नाही. वडिलांच्या कडक सोवळ्याचे त्यातील वर्णन घरात मोठ्याने वाचून पाहावे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) मात्र एकट्याने, सावकाश वाचावे. विज्ञानकथांसाठी जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’, तर लहान कादंबरी हवी असल्यास व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ न्यावी. धनगरांच्या वस्तीवर शाळा चालविण्यासाठी आलेला तिच्यातील तरुण मास्तर शालेय मुलांनाही जवळचा वाटतो.

‘स्मृतिचित्रे’ची जुनी प्रत शिवणीत सैल झाली असल्याने ती उघडी करून पालथी ठेवू नये. सुट्टी संपताच पुस्तके परत करावीत, कारण पुढील सभासद त्यांची वाट पाहत असतात.