आयर्लंडमधील कॉर्क शहरातील ग्रंथपाल बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय महोदया,

सविनय नमस्कार.

आपल्या प्रत्येक पत्राला मी इंग्रजीतून उत्तर दिले आणि त्या त्या वेळी आभारही मानले. तरीही हे पत्र मराठीत आणि चारचौघांसमोर लिहीत आहे, कारण जुने कागद धुंडाळणाऱ्या माझ्या इथल्या मंडळींना आपण नेमकी कोणती मदत केलीत हे कळावे, अशी माझी इच्छा आहे. आपले नाव छापू नये, ही आपली सूचना पाळली आहे. या पत्राचा इंग्रजी गोषवारा आपल्याला स्वतंत्रपणे मिळेल.

दिवाळी अंकासाठी मी लिहायला घेतले होते ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत-अल-अमाराला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यावर. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून तिथे अडकली होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांची सुटका करण्यासाठी निघालेल्या, पण पोहोचू न शकलेल्या फौजेत टॉम बॅरी नावाचा एक आयरिश तरुण तोफखान्यात होता. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि त्याच दिवशी डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या ईस्टरच्या उठावातील नेत्यांनी शरणागती पत्करली. मायदेशात उठाव झाला ही बातमी बॅरीला मेसोपोटेमियात, छावणीत लावलेल्या एका पत्रकावरून समजली. पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात हाच माणूस वेस्ट कॉर्कमधील गनिमी फिरत्या तुकडीचा प्रमुख म्हणून ब्रिटिशांशी लढला. इथे माझा लेख वेढ्यावरून घसरून आयर्लंडकडे गेला (संपादकांनी त्याबद्दल कुरकुर केली, ती अगदीच गैर नव्हती) आणि मनात एक प्रश्न येऊन बसला. ११ जुलै १९२१ रोजी दुपारी बारा वाजता या युद्धात शस्त्रसंधी लागू झाली आणि ६ डिसेंबरला लंडनमध्ये ब्रिटिश-आयरिश करारावर सह्या झाल्या. या मधल्या महिन्यांत आयरिश बाजूने लढणाऱ्या सैनिकांनी घराशी संबंध कसा राखला? आपल्याकडे मी मागणी केली ती त्या काळातील पत्रांची.

यादी पाठवून आपण मोकळ्या झाला असता तर माझी काहीही तक्रार नसती. आपण मात्र आधी कागद कसे तयार झाले ते समजावून दिलेत. लष्करी इतिहासासाठी आयर्लंडमध्ये १९४७ साली नेमलेल्या ब्युरोने दहा वर्षांत त्या लढ्याच्या साक्षीदारांच्या १,७७३ जबान्या लिहून घेतल्या, त्या पुढे २००३ मध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या आणि आज साताऱ्यात बसूनही वाचता येतात. परंतु या ब्युरोला नेमून दिलेला कालखंडच ११ जुलै १९२१ रोजी संपतो. त्यामुळे चकमकी, दारूगोळा, रात्रीचे मुक्काम यांबद्दल पानेच्या पाने भरणारा साक्षीदार शस्त्रसंधीपाशी येताच बहुतेक वेळा सही करून उठतो. हे मला माहीत नसते तर त्या मौनाचा मी भलताच अर्थ लावला असता.

आपला दुसरा मुद्दा तर इतका साधा होता की तो वाचून मी थोडा वेळ स्तब्धच झालो. फिरत्या तुकडीतला माणूस लढाईच्या काळात स्वतःच्या घरी झोपू शकत नव्हता. शस्त्रसंधी झाली तशी त्याला उजेडी घरी जाता येऊ लागले, आणि जो स्वतः उंबरठ्यावर उभा आहे तो पत्र कशाला लिहील? पत्रे हवी असतील तर शस्त्रसंधीनंतरही ज्यांना घरी जाता आले नाही त्यांची शोधा, आणि जे घरी गेले त्यांच्यासाठी त्यांनी पुढे आयरिश सरकारकडे केलेले पेन्शनचे अर्ज पाहा, असे आपण लिहिलेत. माझ्या लेखाला त्यामुळे कणा मिळाला.

पेन्शनचे अर्ज वाचायला शिकवलेत, हे आपले सर्वांत मोठे ऋण. १९२४ आणि १९३४ च्या कायद्यांखाली अर्जदाराला आपल्या सेवेचा हिशेब तुकड्या-तुकड्यांनी द्यावा लागे. १ एप्रिल ते ११ जुलै १९२१ हा एक रकाना आणि १२ जुलै १९२१ ते ३० जून १९२२ हा त्यापुढचा. पहिल्या रकान्यात गावांची, पुलांची, रस्त्यांची नावे दाटीवाटीने येतात. पुढच्या रकान्यात प्रशिक्षण छावणी, बंडखोरांनी जाहीर केलेल्या आयरिश प्रजासत्ताकाच्या पोलिसांचे काम, शस्त्रसंधीसाठी ब्रिटिशांशी संपर्क ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालची कामे असे शब्द आढळतात. घर हा शब्द तिथे येत नाही, कारण घरी घालवलेल्या दिवसांना पेन्शन नव्हती. छावणी आणि पहारा यांच्यामध्ये मोकळ्या राहिलेल्या जागेत तो माणूस आईकडे होता, असे अनुमानच काढावे लागते, आणि ते अनुमान म्हणूनच लिहा, अशी ताकीद आपण दिली होतीत. लेखात तसेच लिहिले आहे.

मृत सैनिकांच्या आईवडिलांच्या अर्जांकडेही आपण लक्ष वेधलेत. मुलावर आपण अवलंबून होतो हे त्यांना सिद्ध करावे लागे, म्हणून तो घरात किती पैसे देई, शेतावर कोणते काम करी, हे सारे त्यात नोंदलेले असते. मुलाशी असलेल्या नात्याचा पुरावा पौंड-शिलिंगांत मागणारी ती व्यवस्था मला निर्दय वाटते. परंतु तिच्या त्या निर्दयपणामुळेच कितीतरी घरांचा व्यवहार आज आपल्याला वाचता येतो, हेही मान्य करायला हवे.

टॉम बॅरीच्या लग्नाचे छायाचित्र नीट पाहायला आपणच सांगितलेत. २२ ऑगस्ट १९२१, म्हणजे शस्त्रसंधी होऊन दीड महिनाही उलटलेला नव्हता. वधू लेस्ली प्राइस या स्वतः १९१६ च्या उठावात निरोप पोहोचवण्याचे काम केलेल्या. डब्लिनच्या व्हॉन्स हॉटेलातील त्या समूहचित्रात नवरा-नवरीच्या मधोमध आयरिश नेते डी व्हॅलेरा बसले आहेत आणि मागे लढ्याचे दुसरे प्रमुख नेते मायकेल कॉलिन्स यांनी मान खाली घातली आहे, चेहरा कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. लढाई पुन्हा पेटली तर ओळखले गेलेले चेहरे महागात पडतील, ही धास्ती लग्नाच्या मांडवातही सुटलेली नव्हती. घरी परतलेला प्रत्येक स्वयंसेवक गावच्या रस्त्यावर हीच जोखीम घेऊन हिंडत असणार.

आणि ज्यांना परतता आले नाही ते. काउंटी डाउनमधील बॅलीकिनलरच्या नजरकैदी छावणीत शस्त्रसंधीनंतरही सुमारे दोन हजार माणसे काटेरी तारेआड होती. त्यांची पत्रे सेन्सॉरच्या नजरेखालून घरी जात. त्या पत्रांत राजकारण शोधू नका, तब्येत, कपडे आणि खाऊचे पार्सल एवढेच वाचा, असे आपण सुचवलेत, आणि खरोखर ओळीओळीला तेच होते. कॉर्कचे नगरसेवक आणि कामगार संघटनेचे कार्यकर्ते टाइग बॅरी (आडनाव तेच, माणूस वेगळा) याच छावणीत होते. १५ नोव्हेंबर १९२१ रोजी सुटून निघालेल्या सोबत्यांना तारेजवळून हात हलवून निरोप देत असताना पहारेकऱ्याने त्यांना गोळी घातली. शस्त्रसंधी चालू होती, आणि तीन आठवड्यांनी करार झाल्यावर उरलेले सगळे सुटले. त्यांच्यावर मी एकच परिच्छेद लिहिला होता, तो आपल्या आग्रहामुळे दोन पानांचा झाला. आपल्या शहरातील हा माणूस बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो, ही आपली खंत रास्त आहे.

अंक निघाला की दोन प्रती टपालाने पाठवतो. एक आपल्याला आणि एक आपल्या ग्रंथालयाला. इकडच्या गावांतून किती माणसे महायुद्धास गेली हे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्यांची छायाचित्रे आपण मागितली होतीत, ती त्यातच ठेवीन. पावसाने अक्षरे पुसट झालेल्या पाट्यांवरचा मजकूर मागे हाताने लिहून देतो. लेस्ली प्राइस यांच्या शस्त्रसंधीपूर्व प्रवासांबद्दल एक शंका अजून राहिली आहे, ती पुढच्या पत्रात विचारीन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
साताऱ्याचा एक वाचक