निनादच्या नोकरीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

निनाद सोमवारपासून रुजू होतोय म्हटल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "त्याच्या हातून काही सांडलं-मोडलं नाही म्हणजे मिळवली." सांडेल गं, ते धरूनच चालू या. निनादला डिस्प्रॅक्सिया आहे, म्हणजे हालचालींचा मेळ आणि कामाचा क्रम बसवायला जड जातं. अशा माणसाची नोकरी सांडलेल्या चहापायी सहसा जात नाही. तोंडी सांगितलेलं काम अर्धं राहतं, वेळेचा अंदाज चुकतो, आणि साहेब त्याला आळस समजतात. तिथे खरी अडचण आहे.

आपण बटणं लावता लावता गप्पा मारतो, कारण बोटांना ते एकदा अंगवळणी पडलं की तिकडे बघावं लागत नाही. निनादला दर वेळी बघावं लागतं. मीटिंगमध्ये टिपणं काढायला बसवलं तर सगळं लक्ष अक्षर काढण्यात जातं आणि बोलणं निसटतं. बुद्धीशी याचा काही संबंध नाही. संध्याकाळी तो गळून जातो तोही यामुळेच. सुरुवातीचे दोन-तीन महिने तर फारच गळून जाईल, कारण जिना, माणसं, कपाटाची कुलपं, सॉफ्टवेअर, सगळंच नवं. त्या दिवसांत दारातच "आज काय केलंस?" नको. आणि बाबा, स्कूटर शिकवायचा बेतही तोवर बाजूला ठेवा. आरसा, ब्रेक, समोरच्याचं अंतर हे एकाच वेळी सांभाळणं त्याला नव्या कामाइतकंच जड आहे. दोन्ही एकदम नको. पुढे शिकलाच तर बिनगिअरची. तोवर बसने जाऊ दे, आणि रविवारी त्याच वेळेच्या बसने एकदा ऑफिसच्या फाटकापर्यंत जाऊन येऊ दे.

बाबा अजून लिपिकाच्या जाहिराती कापून ठेवतात, म्हणून तेही लिहिते. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. निनाद लिहितो चांगलं, पण घड्याळ लावून टायपिंग हा नेमका त्याचा दुखरा भाग. बँकेतलं कॅशचं काउंटरही तसंच. नोटा मोजायच्या, समोरच्याशी बोलायचं, मागे रांग. आता मिळालेलं बिलं तपासायचं काम त्याला जमण्यासारखं आहे, कारण चूक हुडकायला डोळा लागतो, हाताचा वेग नाही.

राखीव जागांबद्दल विचारलं होतंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या गटात डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव असतात. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अक्षमता लागते. मेख अशी की कायद्यातली व्याख्या भाषा, वाचन-लेखन आणि गणिताभोवती फिरते. वाचन उत्तम पण हात अडखळतो, असा माणूस त्या मापात बसेलच असं नाही. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे या प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज जरूर करा, फक्त त्यावर सगळी भिस्त नको. खाजगी कंपनीलाही याच कायद्याने समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते एचआरकडे मागता येतं. हे त्याने मागायचं, बाबांनी फोन करून नाही.

ऑफिसात सांगायचं की लपवायचं? माझं मत सांगायचं. ऑफर लेटर हातात आहे, आता सांगायला हरकत नाही. पण आजाराचं व्याख्यान नको. अर्ध्या पानात मावेल एवढंच:

"मला डिस्प्रॅक्सिया आहे. एका वेळी दोनपेक्षा जास्त कामं असतील तर लिहून द्यावीत. टिपणं हाताने न काढता लॅपटॉपवर काढू द्यावीत. नवीन पद्धत एकदा दाखवून, दुसऱ्यांदा माझ्याकडून करून घ्यावी."

मागणी नेमकी असली की साहेबाला हो म्हणणं सोपं जातं. 'सांभाळून घ्या' म्हटलं की काय सांभाळायचं तेच कळत नाही.

टेबलावरचं काही त्याने स्वतःच करून घ्यायचं आहे. पाय जमिनीला टेकतील आणि कोपर टेबलाच्या उंचीला येईल अशी खुर्ची. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये माऊसचा वेग कमी आणि डबल-क्लिकचा वेगही मंद, नाहीतर फाइल उघडण्याऐवजी तिचं नाव बदलायची चौकट येते. पाण्याची बाटली झाकणाची, कीबोर्डपासून लांब. बिलांना भोकं पाडायच्या पंचला बाजूला एक सरकती पट्टी असते. ती बाहेर ओढून ए-फोरच्या खुणेवर ठेवायची आणि कागद तिला भिडवायचा. एरवी मधली खूण डोळ्यांनी जुळवताना त्याची भोकं दर वेळी वेगळ्या जागी पडतात आणि बॉक्स फाइलमध्ये कागद तिरके बसतात. छोटी गोष्ट, पण गबाळा म्हणून नाव पडायला तेवढी पुरते.

तोंडी काम आलं की तिथल्या तिथे परत म्हणून दाखवायचं, "म्हणजे आधी नाशिकची बिलं, मग जीएसटीचा ताळा, आणि चारपर्यंत मेल. बरोबर?" जागेवर आल्यावर तेच दोन ओळींत मेल करायचं. वेळेच्या अंदाजासाठी एक काम तीनदा घड्याळ लावून करायचं आणि त्यातला सर्वात जास्त वेळ खरा मानायचा. साहेबांना सांगताना तोच आकडा. मनातला अंदाज त्याला नेहमी कमी वाटतो.

साहेबांकडे आठवड्यातून दहा मिनिटं मागून घ्यायची. प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, पण कसं चाललंय ते चौथ्याच आठवड्यात विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. सहाव्या महिन्यात कळलं तर सुधारायला वेळ उरत नाही. चुकांची वही ठेवायची, तीन रकाने: विसरलं, हात चुकला, वेळ चुकली. एकाच रकान्यात गर्दी झाली की जास्त मेहनत करून उपयोग नाही, तिथली पद्धतच बदलावी लागते.

घरचं थोडं. बॅग, कपडे, ओळखपत्र, किल्ल्या रात्रीच एका खुर्चीवर. किल्ल्या रंगीत दोरीने बॅगेलाच बांधलेल्या. सकाळी मागे लागून घाई केली की त्याचा क्रम तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. उठण्याची वेळच वीस मिनिटं अलीकडे आणा.

आणि आई, तीन खणांचा कडीचा डबा नको. तो उघडताना एका हाताने खालचे खण धरून दुसऱ्याने कडी सोडवायची असते, आणि मधल्या खणात तुझी आमटी. चारी बाजूंनी क्लिप बसणारा एकच चपटा डबा घे, कोरडी भाजी आणि पोळीची गुंडाळी. आमटी रात्री घरी.

तुमची,
मेघा

ता. क. नाडीचे नवे बूट बाबांनी आणलेत ते परत करा. पट्टीचे किंवा सरळ पायात जाणारे आणा, एक नंबर मोठे नाहीत, अगदी मापाचे.