फुलं येतात, मग फळ का धरत नाही?

संपादक महोदय,

सुवासिक फूल आणि खाण्याजोगं फळ, दोन्ही एकाच वेलीवर हवं असेल तर पॅशन फ्रूटला तोड नाही. पण ‘वेल भरभरून फुलते, फळ मात्र एकही धरत नाही’ ही तक्रार फार ऐकू येते आणि दोष खताला दिला जातो. बहुतेकदा अडतं ते परागीभवनापाशी. जांभळ्या फळाची जात स्वतःच्या परागांवर फळते. पिवळ्या फळाच्या जातीला दुसऱ्या वेलीचे पराग लागतात. त्याच वेलीच्या छाटापासून केलेलं रोप इथे कामाचं नाही. बियांपासून वाढलेली दोन वेगळी रोपं लावावीत.

मोठे काळे भुंगे फिरकत नसतील तर परागीभवन हातानं करावं. जांभळ्याचं फूल सकाळी उमलतं, पिवळ्याचं दुपारी. उमलताना मधल्या तीन कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, वर उभ्या असतात, मग हळूहळू खाली वाकतात. त्या वाकल्यावरच 5 परागकोषांवरची पिवळी पूड (पिवळ्या जातीत दुसऱ्या वेलीच्या फुलातली) मऊ ब्रशनं तिन्ही कुक्षींना लावावी. उमललेल्या फुलावर पाणी मारू नये. भिजलेले पराग फुटून वाया जातात.

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून फळांचा हंगाम संपल्यावर छाटणी हवीच. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. मुळं वरवर पसरतात आणि पाणी साचलं की कुजतात. फळ कच्चं तोडण्याची घाई तर अजिबात नको. पिकलं की ते आपोआप गळतं. वेलीखालची जमीन रोज पाहावी.

– एक वाचक