‘जवळ करा’ हा शब्द उलगडून दिल्याबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय (खाणेपिणे, दिवस पाळणे अशा मतभेदांत विश्वासणाऱ्यांनी एकमेकांशी कसे वागावे, यावरचा) आपण मंडळीला ओळीओळीने शिकवलात, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. ते उघडपणे लिहीत आहोत, कारण उपवास, सण, पोशाख, उपासनेतली वाद्ये असल्या गोष्टींवरून पुष्कळ मंडळ्यांत माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. आपण दिलेली रीत त्यांच्याही हाती पडावी.

सगळ्यात मोठे ऋण एका क्रियापदाचे आहे. 14:1 आणि 15:7 या दोन्ही ठिकाणी हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘जवळ करा’ म्हणतो. प्रेषितांची कृत्ये 28:2 मध्ये तारू फुटून किनाऱ्याला लागलेल्यांना, पाऊस आणि थंडीत, मिलिता बेटावरचे लोक शेकोटी पेटवून आपल्यात घेतात. तिथेही मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. तुझा दास अनेसिम याचा माझ्यासारखाच स्वीकार कर, असे पौल फिलेमोनाला लिहितो, तिथेही हेच. तेव्हा आधी माणसाला आत घ्यायचे. मत जुळते का, हे नंतर पाहायचे, आणि कधी कधी ते पाहायची गरजही पडत नाही.

14:3 मधली दुहेरी चूक आपण दाखवलीत तशी आम्ही आधी कधी पाहिली नव्हती. मोकळीक घेणारा दुसऱ्याला तुच्छ लेखतो, बंधन पाळणारा दुसऱ्याला दोषी ठरवतो. पाप दोन्हीकडे आहे, फक्त जात वेगळी. म्हणून समजूत घालताना दोघांना एकच उपदेश करून भागत नाही. पहिल्याला ‘हसू नकोस’ आणि दुसऱ्याला ‘न्यायासनावर बसू नकोस’ असे वेगवेगळे सांगावे लागते.

कोणताही वाद आला की तो आधी तीन कप्प्यांपैकी एकात ठेवा, ही आपली सूचना फार कामाची ठरते. पहिल्यात शुभवर्तमानाचा गाभा: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला (1 करिंथ 15:3-4). दुसऱ्यात मंडळीची शिस्त, उदाहरणार्थ बाप्तिस्म्याची पद्धत. तिथे एकत्र काम करायचे तर एक नियम ठरवावाच लागतो. तिसऱ्यात विवेकबुद्धीच्या गोष्टी. घोटाळा होतो तो कप्पा चुकल्यामुळे. तिसऱ्यातली गोष्ट पहिल्यात गेली की तबला आणायचा की नाही यावरून तारणच पणाला लागते. उलट, उघड पाप तिसऱ्यात ढकलले की ‘ज्याचे त्याचे मत’ म्हणून त्यावर पांघरूण पडते. 1 करिंथच्या 8 व्या अध्यायात मूर्तीच्या नैवेद्याबद्दल एवढी सवलत देणारा पौल त्याच पत्राच्या 5 व्या अध्यायात व्यभिचाराला तसूभरही सवलत देत नाही.

‘अडखळण’ या शब्दाचा आपण केलेला खुलासा तर प्रत्येक मंडळीत वाचून दाखवावा असा आहे. 1 करिंथ 8:10 प्रमाणे, माझे पाहून माझा भाऊ स्वतःच्या विवेकाविरुद्ध तीच गोष्ट करायला धजला, तर ती अडखळण. माझे वागणे त्याला नुसते आवडले नाही, तर ती नाराजी. हा फरक सुटला की सर्वांत मोठ्याने तक्रार करणाऱ्याच्या तालावर सगळी मंडळी चालू लागते, आणि खरोखर दुर्बळ असलेला, बहुधा नुकताच विश्वासात आलेला माणूस कोणाच्या लक्षातही येत नाही.

मत्तय 18:15-16 ची पायरी (आधी एकांतात समजावणे, ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार बरोबर नेणे) अपराधासाठी आहे, मतभेदासाठी नाही, हेही आपण बजावलेत. नाहीतर दोन साक्षीदार बरोबर घेऊन लोक एखाद्याच्या उपवासाची झडती घ्यायला जातात!

भेटून बोलायची पद्धत आपण अगदी साधी ठेवलीत. दोघांनीच समोरासमोर बसायचे. मोबाईलवरच्या मंडळीच्या ग्रुपवर हा विषय काढायचा नाही. पहिला प्रश्न ‘असे का करतोस?’ हा नको, त्यात उलटतपासणीचा सूर लागतो. त्याऐवजी ‘यात तू प्रभूचे आभार कसे मानतोस?’ असे विचारायचे. हा प्रश्न थेट 14:6 मधला आहे: खाणाराही देवाचे आभार मानतो, न खाणाराही मानतो. मग ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि समोरचा ‘हो, हेच माझे म्हणणे’ म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. शेवटी एकत्र प्रार्थना, पण प्रार्थनेत दुसऱ्याला टोमणा नाही.

आणि पौल व त्याचा सहकारी बर्णबा यांचा धडा (प्रेषितांची कृत्ये 15). मार्काला पुन्हा बरोबर न्यायचे की नाही, यावरून दोघांत एवढी तीव्र तेढ पडली की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियाकडे. बरोबर कोण, हे प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक लिहीत नाही. पुढे 2 तीमथ्य 4:11 मध्ये पौल त्याच मार्काला आपल्याकडे आणायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. लूकने न दिलेला निकाल आपणही दिला नाहीत, याबद्दल आपले विशेष आभार.

ख्रिस्तात आपले,
मंडळीतील वडील व सेवक